खदानीच्या काठावरची भिंत

नागपूरच्या पश्चिमेकडे दगडाच्या काही खदानी बंद पडल्या आणि त्यांच्या अगदी काठावर वस्ती उभी राहिली, त्या काळची गोष्ट. मी ओव्हरसियर होतो. पावसाळ्यात कुठलं घर काठासकट खाली जाईल, हे पाहून कळवायचं काम माझ्याकडे होतं. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सरळ तोडलेला कडा. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते आणि दरवर्षी काठाला थोडं बाहेर लोटते. हे नुसतं बघून कळत होतं. पण फाईलला पुरावा लागतो.

पुरावा म्हणजे काचेची पट्टी. भिंतीच्या भेगेवर ती आडवी सिमेंटनं बसवायची. भेग रुंदावली की काच तडकते. तडकली तर घर धोक्याचं.

माझी एकही काच तडकेना. भेगेत बोट जायला लागलं तरी वर काच लखलखीत! पुढे कळलं. ज्याच्या भिंतीला सरकारी काच त्याला जागेचा पट्टा, म्हणजे हक्काचा कागद मिळणार, असं वस्तीत पसरलं होतं. तडकली की लोक गुपचूप नवी बसवत.

शेवटच्या घरात दोघी जावा राहत. नवरे ट्रकवर गिट्टी भरायला जात.

"ही काच मी लावलेली नाही," मी म्हणालो.

"तुमचीच आहे जी," थोरली म्हणाली. "मी रोज पुसतो, म्हणून नवी दिसून राहिली."

धाकटी पदरात तोंड घालून हसली. समोर थोरलीच्या लग्नाचा फोटो टांगलेला होता, बिनकाचेचा.

"बाई, घर पडेल हे."

"पट्टा भेटल्यावर पडू द्या ना, साहेब."

ऑफिसात साहेबांना सांगितलं, लोक काचा बदलतात. ते म्हणाले, "मग तसं लिहा. फसवणूक ठरेल, पर्यायी जागाही मिळणार नाही त्यांना. लिहिता?"

नाही लिहिलं. पण आभाळ भरून यायला लागलं तशी माझी चिडचिड वाढली. एका दुपारी दोघी नळावर गेलेल्या पाहून मी आत शिरलो आणि हातोडीच्या दांड्यानं काच तडकवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांना घेऊन गेलो. थोरली भिंतीकडे बघतच राहिली.

"काल सकाळी तं शाबूत होती." मग ती जावेकडे वळली. "तूच मिरच्या कांडत होती वं इथं! कितीदा सांगतलं, भिंतीजवळ कांडू नको!"

"मी काहून तोडू वं? माह्यं घर नाही का हे?" धाकटी रडवेली होऊन माझ्याकडे वळली. "साहेब, तुम्ही सांगा ना जी. कांडल्यानं तडकते का काच?"

साहेब माझ्याकडे पाहत होते.

"तडकू शकते," मी म्हणालो.

घर रिकामं झालं. जागा मिळाली ती लांब हुडकेश्वरकडे, तेव्हा तिथे नुसती शेतं होती. दोन्ही भावांना शेजारी-शेजारी प्लॉट मिळत होते, पण थोरली अडून बसली. जावेच्या शेजारी नको म्हणजे नको. धाकटीचं बिऱ्हाड दोन गल्ल्या पलीकडे गेलं.

त्याच पावसाळ्यात काठ सुटला आणि मागची भिंत खदानीत गेली. ऑफिसात माझी पाठ थोपटली. माझा अंदाज बरोबर होता, आणि त्याचाच मला आजही संताप येतो. चुकलो असतो तर निदान कोणी जाब विचारला असता.

एकदा सांगून टाकायचं ठरवून हुडकेश्वरला गेलो. वाटेत वाक्य घोकत होतो. थोरलीनं चहा ठेवला.

"भिंत गेली म्हणतात," ती म्हणाली. "जाईलच. कांडून कांडून खिळखिळी केली होती तिनं. तुम्हीच तं सांगतलं होतं, साहेब."

मी चहा प्यालो. परतताना सायकल मुद्दाम धाकटीच्या गल्लीतून नेली. ती दारातच गहू निवडत बसली होती. तिनं ओळखून हात जोडले. मीही जोडले, आणि उतरलो नाही.