पाहणीआधी भरलेला रस्ता

गणपतीच्या आधीच्या रविवारी आमच्या गावातल्या मुलांनी फाट्यापासून देवळापर्यंतच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे भरले. गौरी-गणपतीचे विसर्जन झाल्यानंतर प्रभाग कार्यालयाचा अभियंता रस्त्याच्या पाहणीसाठी आला. रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा शेरा त्याने मारला आणि त्या वर्षीच्या दुरुस्तीतून हा रस्ता वगळला गेला. ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

गाव विरारच्या पूर्वेला, चांदीपच्या अलीकडे आहे. मुख्य रस्त्यावर जिथे वळायचे त्या जागेला फाटा म्हणतात. फाट्यापासून गावापर्यंत दोन्ही बाजूंना भातशेती आणि मध्ये ओढ्यावर एक मोरी आहे. दिवसातून काही वेळा विरार स्टेशनहून बस यायची आणि देवळासमोर वळून परत जायची. मी तेव्हा एका दैनिकाच्या स्थानिक पानासाठी काम करत होतो आणि गावातल्याच घरी राहत होतो. शेजारचे घर माझ्या चुलत भावाचे. त्याची थोरली मुलगी विरारच्या एका कॉलेजात फार्मसीचा डिप्लोमा करत होती. पहिले वर्ष ती पास झाली होती आणि दुसरे नुकतेच सुरू झाले होते. आमच्या भावकीत दहावीच्या पुढे गेलेली ती पहिली मुलगी.

जुलैमध्ये मोरीजवळच्या खड्ड्यात बसच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. ड्रायव्हरने प्रवाशांना उतरवले आणि दुपारपर्यंत तो मोरीच्या कठड्यावर बसून राहिला. दुसऱ्या दिवसापासून बस फाट्यावरूनच परत फिरू लागली आणि पुढच्या आठवड्यात तीही बंद झाली. परिवहन विभागाचे म्हणणे स्पष्ट होते. रस्ता दुरुस्त झाल्याचे पत्र प्रभाग कार्यालयाकडून येत नाही तोवर गाडी देता येणार नाही.

मुलीचे प्रॅक्टिकल सकाळी पहिल्या तासाला असे. भाऊ वसईच्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. तो मोटारसायकलवरून घरी पोहोचेपर्यंत प्रॅक्टिकल सुरू झालेले असायचे. ती फाट्यापर्यंत चालत जायची आणि तिथून मिळेल ती रिक्षा पकडायची. मोरीवर पाणी आले की चप्पल हातात घेऊन पलीकडे जायची. कॉलेजने हजेरी कमी पडत असल्याचे तोंडी सांगितले होते. संध्याकाळी परत येताना अंधार पडायचा. रस्त्यावर दिवे होते, पण मोरीपासून पुढचे बंद होते.

ऑगस्टच्या सुरुवातीला भावाने जेवताना सांगितले, "दिवाळीपर्यंत बघू. बस चालू झाली तर जा. नाय झाली तर घरी बस."

"आणि केलेलं वर्ष?" तिने विचारले.

"वर्षापेक्षा माणूस मोठा."

वहिनी भात वाढत होत्या.  भाऊ वाईट माणूस नव्हता. पहिल्या वर्षाच्या प्रवेशासाठी त्याने कंपनीतून उचल घेतली होती. मुलगी अंधारात एकटी त्या मोरीवरून येते, हे त्याला रात्रपाळीत मशीनसमोर उभे असताना आठवायचे, असे तो मला नंतर म्हणाला.

त्याच महिन्यात विरारला प्रभाग कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये महापालिकेचा युवा संवाद झाला. वॉर्डावॉर्डातून तरुणांना बोलावले होते. आमच्या गावातून तरुण मंडळाचा अध्यक्ष आणि ही मुलगी गेली. मी बातमीसाठी गेलो होतो. हॉलमध्ये थंड हवा होती आणि प्रत्येक खुर्चीवर पाण्याची छोटी बाटली ठेवली होती. एका अधिकाऱ्याने प्रास्ताविक केले आणि तरुणांनी आपल्या अपेक्षा मोकळेपणाने मांडाव्यात, असे आवाहन केले. नालासोपाऱ्याच्या एका मुलाने अभ्यासिका मागितली. घरात दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात, तो जिन्यात बसून वाचतो, असे तो म्हणाला. कुणी मैदान मागितले, कुणी पोलीस भरतीसाठी धावायला जागा.

मग ती उभी राहिली.

"सर, आम्हाला नवीन काही नको. जी बस होती ती द्या."

हॉलमध्ये हशा झाला आणि टाळ्या पडल्या. अधिकारीही हसले. "बस माझ्याकडे नाही बाळा. रस्ता माझ्याकडे आहे. रस्ता झाला की बस आपोआप येईल. रीतसर अर्ज द्या."

"दिलाय, सर. इथेच, खालच्या मजल्यावर."

"मग गणपतीनंतर पाहणी होईल. जे रस्ते खराब असतील ते सगळे या वेळी घेणार आहोत. मी स्वतः सांगतोय."

जिना उतरताना अध्यक्ष तिला म्हणाला, "काय बोललीस यार! साहेबाला डायरेक्ट खालच्या मजल्यावर आणलंस." ती त्या दिवशी खुशीत होती. परतीच्या रिक्षात तिने वहिनींना फोन करून सांगितले की गणपतीनंतर रस्ता होणार आहे.

आमच्या गावात घरचा गणपती गाडीतून घरापर्यंत आणत नाहीत. कारखान्यातून फाट्यापर्यंत टेम्पोने येतो. फाट्यावर कर्ता पुरुष चपला काढतो, मूर्ती पाटासकट हातांवर घेतो आणि अनवाणी घरापर्यंत चालतो. वाटेत थांबायचे नाही, मूर्ती खाली टेकवायची नाही. म्हणून त्याआधीच्या रविवारी घरटी एक माणूस रस्ता करायला जातो. ही पद्धत डांबरी रस्त्याच्या आधीची आहे. त्या दिवशी कुणी घरी राहिले तर ते वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

त्या वर्षी आदल्या शुक्रवारी देवळात बैठक झाली. मुलीने सभामंडपाच्या खांबाजवळून हात वर केला.

"यंदा पाहणी होईपर्यंत खड्डे भरू नका. भरले तर त्यांना दिसणार काय?"

गावातले सर्वांत वयस्कर आजोबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मान वर केली. "मंग देव खड्ड्यातून आनायचा? आमच्या हयातीत झालं नाय."

"आजोबा, एकच वर्ष."

"देवाला थांबवते ही! बाय, पंचांग आता तुमच्या कॉलेजात छापतात का?"

सगळे हसले. अध्यक्षाने तोडगा काढला. "आपण मधला पट्टा भरू. कडेचे खड्डे ठेवू. दोन्ही कामं होतील."

"हां, देव मधून आनि तू कडेने," मागून कुणीतरी म्हणाले.

मग एक बाई बोलल्या. त्यांची सून सातव्या महिन्यात होती. "परवा ती मोरीवर पडता पडता वाचली. पानी भरलं की खड्डा कुठं नि रस्ता कुठं कळत नाय. पाहनी राहू दे तिकडे, पहिले ते भरा."

  मुलगी म्हणाली, "निदान भरायच्या आधी फोटो काढून ठेवू." ते सर्वांना पटले. तिने आणि अध्यक्षाने शनिवारी मोबाइलवर फोटो काढले. खड्ड्याची खोली कळावी म्हणून प्रत्येक खड्ड्यात बांबू उभा केला होता.

बैठकीहून परतताना भाऊ तिला म्हणाला, "बोललीस ते बरोबर होतं. पण सगळं देवळात बोलायचं नसतं."

रविवारी भावाला जादा दिवसपाळीला बोलावले होते, सुटी मिळाली नाही. धाकटा मुलगा लहान होता. घरटी माणूस म्हणून मुलगीच गेली. नालासोपाऱ्याला एक जुनी चाळ पाडली होती, तिथला राबिट, म्हणजे विटा-सिमेंटचा भंगार मलबा, ट्रॅक्टरने आणला होता. विटांच्या तुकड्यांबरोबर त्यात फरशीचे निळे-पांढरे तुकडे आणि एका खिडकीची चौकट आली होती. मुलांनी राबिट टाकला, वर मुरूम पसरला आणि धुम्मसने ठोकला. ती घमेली वाहत होती. मोरीजवळचा खड्डा भरायला सर्वांत जास्त वेळ लागला. दुपारी बायकांनी रस्त्यावरच जेवण आणले. रस्ता सपाट दिसत होता. अध्यक्ष त्यावरून सायकल न डगमगता चालवून दाखवत होता आणि बाकीचे शिट्ट्या मारत होते.

बुधवारी फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर एका स्थानिक पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो होता आणि श्रमदान करणाऱ्या युवकांचे अभिनंदन केले होते.

गणपती आले. भाऊ मूर्ती घेऊन फाट्यापासून चालत आला. त्याच्या पायाला काही लागले नाही.

त्या दिवसांत पावसाने उघडीप दिली होती. विसर्जनानंतर अभियंता आला तेव्हा मुरूम कोरडा होता आणि वरून वाहने गेल्यामुळे चांगला दबला होता. अभियंता तरुण होता, अंगात कार्यालयाचे जॅकेट. त्याच्याकडे त्या दिवशी आणखी बरेच रस्ते होते. गाडीतून उतरून त्याने मोबाइलवर रस्त्याचे फोटो घेतले. फोटोवर जागा आणि वेळ आपोआप उमटत होती. गावातली मुले गोळा झाली. मीही गेलो.

"खड्डे कुठे आहेत?" त्याने विचारले.

"आम्ही भरले, सर," अध्यक्ष म्हणाला.

"छान केलंत. मग प्रॉब्लेम काय?"

मुलीने मोबाइल पुढे केला. "हे बघा, सर. हा मोरीजवळचा. हा बांबू बघा."

त्याने फोटो पाहिले. नीट, एकेक करून पाहिले. "मॅडम, मी खोटं म्हणत नाही तुम्हाला. पण मला आजचा फोटो लागतो, याच जागेचा. हे मी अपलोडच करू शकत नाही."

"एक उकरून दाखवू का?" एका मुलाने विचारले. अभियंत्याला ते विनोदाने म्हटल्यासारखे वाटले आणि तो हसला. मुलगा खरोखर कुदळ आणायला निघाला होता. अध्यक्षाने त्याचा दंड धरला.

"पुढच्या पाहणीत घेऊ," असे सांगून अभियंत्याने रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा शेरा तिथेच मोबाइलवर भरला आणि तो गाडीत बसला.

त्या संध्याकाळी तिने परिवहन विभागात फोन लावला. रस्ता वाहतुकीस योग्य असल्याचा शेरा झाला आहे, तर बस सुरू करा, असे तिने सांगितले. पलीकडच्या बाईने दुरुस्ती कोणी केली असे विचारले. गावाने केली, असे ती म्हणाली. गावाच्या दुरुस्तीवर गाडी देता येत नाही, कार्यालयाचे पत्र लागते, असे उत्तर मिळाले. मी दुसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयात गेलो. न केलेल्या कामाचे पत्र देता येत नाही, असे मला सांगण्यात आले. दोन्ही ठिकाणी आवाज चढला नाही. मी दोन्ही बाजू घेऊन बातमी दिली. ती आतल्या पानावर छापून आली.

नवरात्रात पाऊस परत आला. दोन रात्रींत मुरूम वाहून गेला आणि मोरीजवळ फरशीचे तुकडे उघडे पडले. मुलांनी नवे फोटो काढून अर्ज दिला. या हंगामाची पाहणी संपली होती. अर्ज पुढच्या हंगामासाठी घेतला गेला. त्याच सुमारास युवा संवादातल्या सूचनांवर कार्यवाही म्हणून गावाला खुली व्यायामशाळा मंजूर झाली. देवळाशेजारी, बस वळायची त्या मोकळ्या जागेत, व्यायामाची हिरवी-पिवळी यंत्रे सिमेंटमध्ये रोवण्यात आली. मंडळाच्या अध्यक्षाने जागेला हरकत घेतली होती. बस बंद असल्याने जागा वापरात नाही, असे त्याला सांगण्यात आले.

दिवाळी झाली. भाऊबीजेच्या संध्याकाळी भाऊ आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"तू सांग तिला," तो मला म्हणाला. "माझ्याच्याने होत नाय."

मी सांगितले नाही. ती आणि वहिनी आमच्याकडेच आल्या होत्या; तिने आतून ऐकले. ती बाहेर आली आणि म्हणाली, "पप्पा, मी विरारला मैत्रिणीकडे राहीन. परीक्षेपर्यंतच."

"लोकांच्या घरात?"

"तिच्या आईने हो म्हटलंय."

"तुझ्या आईने म्हटलंय का?"

वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी म्हणते हो." भावाने त्यांच्याकडे पाहिले आणि तो उठून घरी गेला. रात्री तो पाळीला गेला. सकाळी भाऊ पाळीवरून आला आणि अंघोळ न करता झोपला. मैत्रिणीकडे राहण्याचा विषय परत निघाला नाही. दोन दिवसांनी मुलीने कॉलेजचा पांढरा कोट धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवला.

डिसेंबरमध्ये कॉलेजचा फोन आला. हजेरी पुरी होऊ शकत नसल्याने तिला त्या वर्षीच्या परीक्षेला बसता येणार नव्हते. पुढच्या वर्षी परत दुसऱ्या वर्षाला बसण्याची मुभा होती. भावाने फोन घेतला, "बरं" म्हटले आणि ठेवला.

पुढच्या पावसाळ्याआधी पाहणी झाली. या वेळी मुलांनी एकही खड्डा भरला नव्हता. अभियंता नवीन होता. रस्ता कामांत घेतला गेला आणि मोरीपर्यंत डांबर पडले. मोरी दुसऱ्या विभागाकडे असल्याने तिच्यावरचे काम झाले नाही. बसचे पत्र अजून निघालेले नाही.

मुलगी कॉलेजात परत गेली नाही. वसई पूर्वेला इमिटेशन दागिन्यांचा एक गाळा आहे. तिथे ती पॅकिंगला लागली. गावातल्या आणखी सात बायका तिथे जातात. गाळ्याच्या मालकाची ट्रॅक्स जीप आहे. ती रोज सकाळी मोरीवरून सावकाश गावात येते, देवळासमोर व्यायामशाळेच्या कडेने मागे घेऊन वळते आणि आठ जणींना घेऊन जाते.