देशमुखांचा कप

रोज चार वाजता देशमुखांच्या रिकाम्या टेबलावर कपातून वाफ निघते. देशमुख वैशाखात वारले. पण ऑफिसचा फुकट चहा यादीप्रमाणे येतो, आणि एकदा कमी झालेली सवलत कंपनी पुन्हा देत नाही. म्हणून त्यांचं नाव यादीतून काढायला आम्ही कुणीच सांगितलं नाही. शिपाई गणपत कप ठेवतो, चहावर साय धरते, आमच्या गप्पा आपोआप थांबतात. पाच वाजता कप रिकामा असतो. कोण पितं, हे कुणी विचारत नाही.

सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. काल गणपतने माझ्यापुढे चहा ठेवताना हळूच विचारलं, "साहेब, तुमचाही कप चालूच ठेवू ना?"

मी त्या टेबलाकडे पाहिलं.

"ठेव," म्हटलं, "पण साखर कमी."