फाइव, बाई

“फाइव, बाई.”

एवढंच बोलले मी. वर्गात साठेक पोरं-पोरी होत्या. क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं आणि अख्खा वर्ग हसत सुटला.

क्रीडा व्यवस्थापनाचं पहिलं सेमिस्टर. तोंडी परीक्षा, सगळ्यांसमोर. विभागप्रमुख मॅडमनी इंग्रजीत विचारलं होतं, बाद पद्धतीच्या स्पर्धेत अकरा संघ असतील तर पहिल्या फेरीत बाय किती? बाय म्हणजे न खेळता पुढच्या फेरीत जाणं. आमचे शाळेतले खो-खोचे सर त्याला पुढे चाल म्हणायचे. सोळातून अकरा गेले, पाच. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. उत्तर बरोबरच होतं. त्याच्या शेपटाला जे लागलं, ते चुकलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, ओढणीला पुसला आणि हिंदीत म्हणाल्या,

“फाइव बाई? मेरे घर में तो एक ही बाई है. और वो भी तुम्हारी तरफ की.”

पुन्हा हशा. आणि मीपण हसले. भीतीनं हसले, पण हसले. त्यांचं बोलणं एक वेळ विसरेन, माझं ते हसणं विसरता येत नाही.

कॉलेज सुरतचं, आणि मी सुरतच्याच महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले. आमच्याकडे शिकवणाऱ्या बाईंना बाई म्हणतात. ‘बाई, पाणी पिऊन येऊ?’ ‘बाई, हिनं माझी वही घेतली.’ सात वर्षं वर्गात मी ज्या माणसांपुढे उभं राहून उत्तरं दिली, ती सगळी बाईच होती. त्यामुळे घाबरले की तोंडातून तेच येतं. माझ्याकडे मानाचा त्याहून मोठा शब्द नाही. पण त्या वर्गातल्या पोरांच्या घरी बाई म्हणजे सकाळी नऊला येऊन भांडी घासणारी, लादी पुसणारी.

माझी माय तेच करते. वेसूला चार फ्लॅटमध्ये जाते. पप्पा पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाईंग हाउसमध्ये, बारा तासांची पाळी. आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, बौद्ध. प्रवेशाच्या फॉर्मात आईच्या व्यवसायापुढे मी गृहिणी लिहिलं होतं. म्हणून मॅडमचं ते ‘तुम्हारी तरफ की’ ऐकलं आणि आधी तो फॉर्म आठवला. यांना कळलं की काय? माय यांच्याच घरी तर जात नाही ना?

त्या दिवशी घरी आल्यावर मी तिला आडून आडून विचारलं, तू जातेस त्या घरांत कुणी कॉलेजात शिकवतं का? ती म्हणाली, नाही, सगळे कापडवाले. माझा जीव भांड्यात पडला. मायला मात्र काहीतरी कळलं असावं. तीपण मला लाडानं बाईच म्हणायची. दोन दिवसांनी मी तिच्यावर खेकसले, मला बाई म्हणू नको. तिनं का म्हणून विचारलं नाही. म्हणायचं सोडलं.

वर्गानं मात्र धरलं. बाई, नोट्स दे. बाई, जरा सरक. सामन्यांचा तक्ता काढताना कुणीतरी हमखास म्हणायचं, बाई को बाय मिला क्या? अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीची यादी वर्गात मोठ्यानं वाचली गेली, त्या दिवशी ज्यांना माझी जात माहीत नव्हती त्यांनाही कळली. त्यानंतर मी दाराजवळच्या बाकावर बसायला लागले. उत्तर येत असलं तरी हात वर करायचा नाही. कँटीनमध्ये जायचं नाही. मॅडम कॉरिडॉरमध्ये दिसल्या की जिन्यावरून वळायचं. त्यांच्या चपलांचा आवाज मला लांबून ओळखू यायचा. पूर्ण एक वर्ष मी असं काढलं. शिकायला आलेली मुलगी मी, आणि शिकले काय, तर लपायला.

तिसऱ्या सेमिस्टरला प्रात्यक्षिक होतं. विद्यापीठातली आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा आमच्याच वर्गानं भरवायची, प्रत्येकाला एक जबाबदारी, आणि त्यावरच गुण. यात नापास झालं की वर्ष वाया. माझं वर्ष वाया जाणं म्हणजे शिष्यवृत्ती बंद, आणि शिष्यवृत्ती बंद म्हणजे शिक्षण बंद. हे मला पाठ होतं. मायला नि पप्पालाही पाठ होतं.

माझ्याकडे ड्रॉ आणि निकालाचं टेबल आलं. वर्गात तक्ता सगळ्यात नीट मी काढते, हे हसणाऱ्यांनाही मान्य होतं. तेरा संघ, तीन बाय, त्या तक्त्याच्या वरच्या नि खालच्या अर्ध्यात कशा वाटायच्या, कुठल्या मैदानावर कोण, पाऊणपाऊण तासाचं वेळापत्रक. तीन वेळा लिहून काढलं. गळ्यात कार्ड होतं, त्यावर माझं नाव आणि खाली ‘ड्रॉ आणि निकाल’. सकाळी सात वाजता टेबल मांडून बसले. त्या टेबलाच्या आड मला पहिल्यांदाच बरं वाटत होतं. संघांचे कॅप्टन येऊन मला विचारत होते आणि मी सांगत होते.

साडेनऊला मॅडम आल्या. दहाला पाहुणे येणार होते, त्यांच्या घरच्या बायकाही येणार होत्या, आणि हॉलमधलं बायकांचं टॉयलेट तुंबून घाण झालेलं होतं. सफाईचं माणूस आलेलं नव्हतं. मॅडमच्या मागे आमच्या वर्गातले चारपाच जण उभे होते. मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. सरळ माझ्या टेबलाशी आल्या.

“तू जाके टॉयलेट साफ कर दे, जल्दी. तुझे तो आदत होगी.”

‘आप’ नाही, ‘तुम’ही नाही. ‘तू’.

मी हातातलं पेन तक्त्यावर तसंच धरून बसले. मागच्या पोरांपैकी एकानं मोबाइल काढला आणि त्यात डोकं घातलं. एका मुलीनं मान वळवली. कुणी हसलं नाही या वेळी. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांना ते बरोबरच वाटत होतं.

मी उठत नाही हे बघून मॅडमनी आवाज मऊ केला. म्हणाल्या, टीमवर्क है, इवेंट में कोई काम छोटा नहीं होता. हे वाक्य त्यांनीच आम्हाला पहिल्या तासाला फळ्यावर लिहून दिलं होतं.

मी शूर वगैरे नाही. ते ऐकून मी खरं तर उठलेच होते. हात खुर्चीच्या पाठीवर होता, आणखी दोन पावलं आणि मी बादली शोधायला गेले असते. पण समोर माझा तक्ता पडला होता. तेरा संघांची नावं, माझ्या अक्षरात. मला वाटलं, हे काम करणारी मी यांना दिसतच नाही. मी कितीही तक्ते काढले तरी दिसणार नाही.

तोंडातून आवाज आला तो चिरका होता.

“छोटा नहीं है तो सब चलते हैं, मॅडम. सब करेंगे तो मैं भी करूँगी.”

कुणी हललं नाही. मी वाट पाहिली. खरंच पाहिली. कुणी हो म्हणालं असतं तर मी सगळ्यात आधी हात घातला असता.

मॅडमनी माझं कार्ड मागितलं. मी काढून दिलं. गळ्यातली दोरी केसांत अडकली, तीपण मी सोडवून दिली. प्रॅक्टिकलचे मार्क्स माझ्या हातात आहेत, एवढं त्या म्हणाल्या. माझ्या खुर्चीवर त्या मोबाइलवाल्या पोराला बसवलं. मी हॉलबाहेर गेले आणि पायऱ्यांशी ओकले.

दुपारी माय कामावरून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. अगदी गृहिणी लिहिलं होतं तेसुद्धा. ती भिंतीला टेकून ऐकत होती. आधी आमच्या अहिराणीत म्हणाली, माफी मांगी ले. ती माझ्याहून जास्त घाबरली होती. तिनं उभ्या आयुष्यात कुठल्याच मॅडमला नाही म्हटलेलं नाही. मग मी रडत तिला विचारलं, माझं चुकलं का? तू करतेस ते काम मी नाकारलं, म्हणजे मी तुलाच कमी लेखलं का?

ती उठली, पाणी प्यायली, आणि म्हणाली,

“मी करस ते मनं काम शे. तुनं काम ते नई. तुले ते काम देनारी ती कोन?”

माफीचं पुन्हा काढलं नाही तिनं.

आठवड्यानं प्रात्यक्षिकाचे गुण लागले. माझ्या नावापुढे गैरहजर. सकाळी सातपासून टेबल मांडून बसलेली मी. स्पर्धा माझ्याच तक्त्यावर खेळली गेली होती, त्याखाली नाव दुसऱ्याचं होतं.

मी अर्ज लिहिला. मॅडमची दोन्ही वाक्यं जशीच्या तशी घातली, वर्गातलंही आणि टेबलापाशी बोललेलंही. माझी जात लिहिली आणि तिच्यावरून कुणी काय गृहीत धरलं तेही. ऑफिसातला क्लार्क वाचून म्हणाला, सॉरी बोल दो मॅडम को, साल बच जाएगा. मी म्हटलं, पोच द्या. तो म्हणाला, उद्या ये. मी खिडकीपाशीच उभी राहिले. जेवणाची सुट्टी झाली, संपली. तीन वाजता त्यानं शिक्का मारून दिला.

येत्या गुरुवारी तक्रारीच्या समितीपुढे बोलावलंय. मॅडमही असणार आहेत. त्या चपलांचा आवाज ऐकला तर माझी वाचा बसेल हे मला माहीत आहे, म्हणून सगळं कागदावर लिहून घेतलंय, वाचून दाखवायला. भीती जायची वाट बघत बसले तर ती जाणार नाही, वर्ष जाईल. तेव्हा घाबरलेली असले तरी जाणार. समेट नको, समजूत नको, डोक्यावरून हात फिरवणं नको. हजर असलेल्या मुलीला गैरहजर का लिहिलं, ते त्यांनी कागदावर लिहून खाली सही करायची. तो कागद हातात पडेपर्यंत मी तिथून उठणार नाही.