सेलूच्या शिक्क्याचं पाकीट

मी चौथी शिकलेली. पण ती चौथी निजामाच्या अमलातली, तेव्हा उर्दू शिकावीच लागे. त्या उर्दूच्या जोरावर मला मंडळात घेतलं. निजामी टपालाची तिकिटं, शिक्के, पाकिटं जमवणाऱ्यांचं ते मंडळ पुण्यात होतं. सगळे पुरुष आणि मी एकटी बाई. जुन्या सभासदाच्या शिफारशीशिवाय आत घेत नसत. माझी शिफारस सेलूच्या मुनीमजींनी केली. कापसाच्या जिनिंगमध्ये हयात घालवलेला माणूस. पाकिटं पारखायला मी त्यांच्याकडंच शिकले. पहिलं वर्ष सभासदत्व कच्चं असायचं. त्यात काही खोट निघाली की नाव कमी.

मंडळाची एक पुठ्ठ्याची पेटी टपालानं सभासदांच्या घरोघर फिरायची. तिच्यात लोकांची पाकिटं तक्त्यांवर लावलेली, फक्त बघायला. आठ दिवसांत बघायचं, यादीशी ताडून सही करायची आणि पुढच्याला रजिस्टर करायची. सही केली की पुढं जे कमी निघेल ते आपल्या माथी.

माझ्याकडं पेटी पहिल्यांदा आली ती मुनीमजींकडून. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद सुरू झाला. एसटी बंद, पोस्ट बंद. मी दार लावून पेटी उघडली. सातव्या तक्त्यावर मालकानं लिहिलं होतं, 'सेलूचा शिक्का.' शिक्का उर्दूत होता. मी भिंग धरून तीनदा वाचला. जिंतूर.

बाकीच्यांना उर्दू येत नव्हती, त्यांना ते कधी कळलं नसतं. मला आणखी एक कळलं. पाकिटाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता. तो चहा मुनीमजींच्या ओसरीवर माझ्यासमोर सांडला होता. हे पाकीट त्यांचं होतं. सेलूचं काढून घेऊन त्यांनीच ते तिथं लावलं होतं.

सही केली तर चोरी माझ्या माथी, नाही केली तर ज्यानं मला आत घेतलं त्याच्या. तीन दिवस धड जेवले नाही.

सहाव्या दिवशी पोस्ट उघडलं. एसटी अजून बंदच होती, पण सेलूकडं जाणारी रेल्वे चालू होती. मी पेटी पिशवीत घातली.

सून म्हणाली, "आत्याबाई, कागदासाठी जीव द्यायला निघालात का?"

"जीव कोण मागायलाय? भाकरी झाकून ठेव."

डब्यात माणसं मोजकी. खिडक्या लावून घेतल्या होत्या. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. पेटी मी मांडीवर धरून बसले.

मुनीमजी ओसरीवर सुपारी कातरत होते. पिशवी बघूनच त्यांचा अडकित्ता थांबला.

"वहिनी, बंदात कशा आल्या?"

"सातवा तक्ता," मी म्हटलं. "सेलूचं पाकीट काढा."

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. आत गेले, पाकीट घेऊन आले. पण हातातून सोडेनात.

"पत्ता बघा. माझ्या बापाचं अक्षर हाय. घरात त्याची एक ओळ ऱ्हायली न्हाई."

"अक्षर तुमच्या बापाचं, पाकीट त्या माणसाचं. त्याला लिहून मागायचं."

"मागितलं. दोनदा. न्हाई म्हणला."

"मग नाही."

त्यांनी पाकीट माझ्यापुढं टाकलं. मी ते तक्त्यावर बसवलं आणि जिंतूरचं त्यांच्या हातात दिलं.

"झालं ना जागेवर? आता लिहू नका. माझं नाव गेलं तर माझ्या शिफारशीचं काय? तुमी बी बाहेर."

"जे दिसलं ते यादीत लिहावं लागतं."

तेव्हा ते भडकले. "लय खऱ्याच्या! नामांतराच्या पहिल्या दंगलीत तुमच्या गावची दलितांची वस्ती जाळली, जाळणाऱ्यांत तुमच्या भावकीतली माणसं होती. तवा तोंड उघडलं न्हाई. आन एका कागदासाठी आगगाडीत बसून आल्या?"

खरं होतं. मी नावं ओळखत होते आणि गप्प बसले होते.  पेटी उचलली आणि स्टेशनवर आले.

सातव्या दिवशी यादीवर लिहिलं: 'सातव्या तक्त्यावर जिंतूरचं पाकीट होतं. सेलूला जाऊन मूळ पाकीट आणून लावलं.' खाली सही केली आणि रजिस्टर केलं. मग वाट बघत बसले. पोस्टमन दाराशी थांबला की आधी पुण्याचा शिक्का शोधायचे.

महिन्यानं कार्ड आलं. मुनीमजींचं नाव कमी केलं होतं. माझं ठेवलं होतं, कारण पेटीतले सगळे शिक्के आता माझ्याकडून वाचून घ्यायचे होते. त्यात आणखी तीन चुका निघाल्या. त्या मालकांच्याच अज्ञानाच्या.

मुनीमजी परत बोलले नाहीत. सेलूच्या बाजारात दिसले तर रस्ता बदलायचे. त्यांनी ओसरीवर मला त्या वस्तीवरून काय विचारलं, ते मी घरी कुणाला सांगितलं नाही. सून विचारायची, "काय म्हणले मुनीमजी?" मी म्हणायचे, "पाकीट दिलं."