पडद्यामागचा प्रश्न

"मॅडम, बी निगेटिव्ह मिळाला!" बबन दारातूनच ओरडला आणि धाकट्या भावाला मानगुटीला धरून आत घेऊन आला. मी हातातला फोन ठेवला आणि खुर्चीतून अक्षरशः उडी मारली.

बबनची बायको सुगंधा हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर ॲडमिट होती. बाळाला पोसणारी वार गर्भाशयाच्या तोंडावरच बसलेली. अशा सिझरमध्ये रक्त फार जातं. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि तिचा गट बी निगेटिव्ह, म्हणजे शोधून सापडत नाही असा. डॉक्टरांना दोन पिशव्या हव्या होत्या, आमच्या शहापूरच्या छोट्या रक्तपेढीत होती एक. सकाळपासून फोन चालू होते. आसनगावच्या दात्याने गेल्याच महिन्यात रक्त दिलेलं, दुसरा परराज्यात. आणि इथे घरातच दाता! दिराचं आणि वहिनीचं रक्त जुळावं हा निव्वळ योगायोग. पण मला काय, मला पिशवीशी मतलब.

हा धाकटा भाऊ, किसन, तिशीतला. धसईच्या बाजारात तांदळाची पोती उचलायचा. दारात उभा राहिला की बाहेरचा उजेड अडायचा. वजन झकास, हिमोग्लोबिन झकास. मी मनातल्या मनात पिशवीला लेबलसुद्धा लावून टाकलं.

राहिलं फक्त काउन्सेलिंग. म्हणजे रक्त घेण्याआधी दात्याला पडद्यामागे एकट्याला बसवायचं, आजारपणं विचारायची आणि शेवटी एक प्रश्न: स्वतःच्या मर्जीने देताय ना? तिथलं बोलणं बाहेर जात नाही, नातेवाइकांकडे तर नाहीच. बहुतेक जण मान डोलावतात आणि मी हातमोजे चढवते.

किसनने मान डोलावली नाही.

"नाय मॅडम," तो कुजबुजला. "सुईचं मला लय भ्याव हाय. दादा बोलला, रगत नाय दिलंस तर घरात पाय ठेवू नको. म्हनून आलो."

अरे देवा! नुसतं हो म्हणाला असतास तर तुझ्या बापाचं काय जात होतं?

"आणि मी नको म्हटलं तर?"

"सुटलो." घामाने त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता.

खरं सांगते, चार गोड शब्द बोलले असते तर तो टेबलावर आडवा झाला असता. माणसांना पटवणं हीच माझी नोकरी. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण दमदाटीने आणलेल्याला गोडीगुलाबीने बसवायचं, म्हणजे दोरी तीच, फक्त मऊ.

"जा तू," मी म्हटलं.

बाहेर येऊन बबनला सांगितलं, "आज यांचं रक्त घेता येणार नाही. कारण आम्ही सांगत नाही."

"घेता येत नाय म्हंजे?" बबन उसळला. "रेड्यासारखा धडधाकट हाय तो! उद्या माझ्या बायकोचं काय झालं तर तुमी येनार का पोर सांभाळायला?"

  त्याचा आवाज ऐकून आमचे सर, रक्तपेढीचे मुख्य डॉक्टर, केबिनमधून आले आणि मला बाजूला घेतलं.

"मॅडम, हातातली बी निगेटिव्ह सोडलीत?"

"मर्जी नव्हती त्याची, सर."

सरांनी फोनकडे बोट दाखवलं. "मग बरोबर केलंत. आता फोन उचला."

उचलला. कल्याणच्या एका पेढीने "संध्याकाळी बघून सांगतो" म्हटलं. असल्या उत्तरावर कुणाचं बाळंतपण होत नाही. वर सुगंधा पडून होती आणि मी पुढचा नंबर फिरवत होते.

दुपारी डबा उघडला. तेवढ्यात दारातला उजेड अडला. किसन! एकटाच.

"दादा कुठाय?"

"वर, वहिनीपाशी. त्याला ठावं नाय मी आलोय त्ये."

मी त्याला थेट पडद्यामागे नेलं. मर्जीचाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. "कोणी पाठवलं?"

"कोनी नाय. स्टँडवर मुरबाडची यष्टी लागलेली. चढलो, बसलो. मंग मनात आलं, आता मी पळतोय कोनापासून? दादा तर मागं नाय. तुमी पन सोडलंत. राहिलो मीच. उतरलो मंग."

"भीती गेली?"

"ती कुठं जाते! हाय तवढीच हाय."

"वहिनीवर माया दिसते फार," मी जरा खोचकपणे म्हटलं.

"माया? आमचं एक दिस पटत नाय. माझ्या कालवनात मुद्दाम मीठ जास्त घालते. पन तिला रगत लागतंय, नि ते माझ्याकडं हाय. मंग दुसरं काय करनार?"

मला त्याला मिठीच मारावीशी वाटली. उपाशीपोटी रक्त घेत नाहीत, म्हणून आधी माझ्या डब्यातली भाकरी त्याला खायला लावली, थोडा वेळ बसवलं. मग सुई. त्याने डोळे गच्च मिटले आणि बाजारातल्या तांदळाची नावं जपायला लागला, "झिनी... कोलम... झिनी..." चेहरा पांढराफटक पडला. मी पळत जाऊन त्याच्या पायांखाली उशी सारली. पिशवी मात्र भरत होती! आता नाचायचंच काय ते बाकी होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या टेस्ट झाल्या. शेवटचा क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून भांडतं का ते बघायचं. घरात पटत नसलेल्या त्या दोघांचं नळीत छान पटलं.

सकाळी ऑपरेशनला दोन्ही पिशव्या लागल्या. मुलगी झाली. सुगंधा वाचली.

बबन पेढे घेऊन आला, मागे किसन. दुसरी पिशवी किसनची, हे बबनला एव्हाना कळलं होतं. "बघितलंत ना मॅडम?" बबन छाती काढून म्हणाला. "दम दिल्याबिगर आमचा किसन हलत नाय. बरोबर आनला का नाय त्याला लायनीवर?"

किसन शांतपणे पेढा खात होता. मी तोंड उघडलं. मग आठवलं, पडद्यामागचं बाहेर सांगायचं नसतं. उघडलेल्या तोंडात पेढा कोंबला.

त्या दिवशी दाराशी आलेलं बी निगेटिव्ह परत पाठवणं मला जमलं. पण नियम पाळताना सगळ्यात जड काय गेलं विचाराल, तर तो पेढा गिळणं.