डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं

फौजेत मी डॉग हँडलर होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि भोपाळला एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर लागलो. माझी पोस्ट अवधपुरीकडच्या भिंतीलगत, जुन्या क्वार्टरांच्या लाइनीत. वीस क्वार्टर, त्यातले एकोणीस रिकामे. कारखान्यातली माणसं कमी होत गेली तशी दारांवर फळ्या ठोकल्या गेल्या.

रात्रीची ड्यूटी मला कधी जड गेली नाही. नकोशी वाटायची ती दुपार, दोन ते चार. उन्हात सगळी लाइन लख्ख दिसायची आणि कुठं काही हलायचं नाही. तरी बंद घरांतून आवाज यायचे, आत कुणी पाट ओढल्यासारखे. मी प्रत्येक वेळी फळ्या तपासायचो. खिळे जागेवर असायचे. रजिस्टरमध्ये 'ऑल ओके' लिहून सही करायचो, पण दाराकडे पाठ करून निघायला भीती वाटायची. बावीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसानं हे कुणाला सांगायचं?

शेवटचं बिऱ्हाड क्वार्टर चौदामधलं. काकू मूळच्या नागपूरच्या. त्यांचे मिस्टर कारखान्यात टेक्निशियन होते. ते वारल्यावर क्वार्टर सोडायला मिळालेली मुदत संपली होती. त्यांच्या मागच्या पडवीत एका मांजरीनं तीन पिल्लं घातली होती. राखाडी, अगदी आखूड केसांची. काकू निघाल्या तेव्हा रिक्षा दारात उभी होती. हबीबगंज स्टेशनवरून गाडी होती.

"भाऊ, हिला आणि पिल्लांना तुमच्या भरोशावर सोडून चालले. आमच्या सूनबाईला घरात मांजर चालत नाही."

"निर्धास्त राहा, काकू."

"केस छोटे आहेत म्हणून दुर्लक्ष नका करू बरं. पिसवा दडून बसतात. रोज हात फिरवत जा."

"काकू, मी रोज ग्रूमिंग परेड केलेला माणूस आहे."

त्या हसल्या. मला बरं वाटलं. शेखी मिरवायची माझी खोड जुनी.

ग्रूमिंग परेड म्हणजे सकाळी कुत्र्याला ब्रश करणं. आधी उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध. मग सुलटा हात. शेवटी कोरडं फडकं. माझा कुत्रा बादल पॉलिश केलेल्या बुटासारखा चमकायचा. पिल्लांना मी तोच ड्रिल लावला. उलटा हात त्यांना मुळीच खपेना. मग मऊ टूथब्रश घेतला, गालापासून सुरुवात केली, केसांच्या दिशेनं, एकेकाला पाच मिनिटं. तेव्हा कुठं ती घुरघुरायला लागली.

मांजर हातभर अंतरावर बसून बघायची. पापणी लवायची नाही. माझं झालं की ती तिन्ही पिल्लं पुन्हा पहिल्यापासून चाटून काढायची. मला त्याचा थोडा राग यायचा.

नवव्या दिवशी पिल्लांच्या अंगावर पिसवा दिसल्या. माझ्या ट्रंकेत गोचीड मारायच्या पावडरीचा डबा होता. डब्यावर कुत्र्याचं चित्र होतं. सकाळी साडेदहाला मी पावडर लावली. उलट्या हातानं, केसांच्या मुळापर्यंत चोळली.

दोन चाळीसला राउंडवर आलो. तिन्ही पिल्लं पडवीत ओळीनं बसली होती. आवाज नव्हता. तिघांचे कान फडफडत होते, थांबतच नव्हते. मग पाठीची कातडी थरथरायला लागली, वरून कुणी बोटं वाजवत असल्यासारखी. मांजर आडवी पडली होती. तोंडाला फेस होता आणि पाय पळत होते.

मी वॉकीटॉकी काढला. कंट्रोलवर तिवारी होता.

"कंट्रोल, लाइन पोस्ट. जानवरों के डॉक्टर को फोन लगाओ. चार बिल्लियाँ. कुत्तेवाला पावडर लग गया. ओव्हर."

दोन मिनिटं नुसती खरखर.

"लाइन पोस्ट, डॉक्टर बोल रहे हैं ये बिल्ली के लिए जहर है. पूछ रहे हैं, माँ ने चाटा क्या?"

 पावडर लावताना हा विचार मला शिवलाच नव्हता. कुत्र्याचं अंग हँडलर साफ करतो. मांजर आपलं आणि पिल्लांचं अंग जिभेनं साफ करते. जे अंगावर लावाल ते पोटात जातं.

"लाइन पोस्ट, सुन रहे हो?"

"चाटा है. ओव्हर."

"बर्तनवाले साबुन से धोओ, गुनगुना पानी. गाडी भेज रहा हूँ."

पोस्टवर हीटर होता, बादली होती. चार जीव आणि माझे दोन हात. मी पिल्लं आधी धुतली. एकेक पिल्लू टॉवेलात गुंडाळेपर्यंत मांजर माझ्या हातांकडे बघत होती. तीन पंचवीसला गाडी आली, तेव्हा मांजर गेली होती. डोळे उघडेच होते.

पिल्लं दोन दिवस डॉक्टरांकडे राहिली आणि वाचली. मी ती पोस्टवर आणली. दोघं एका खोक्यात, तिसरं अशक्त म्हणून वेगळ्या खोक्यात. त्याच्या खोक्याला मी सुतळी बांधायचो. सकाळी सहा दहाला उघडायचो. तिघांच्याही माना ओल्या असायच्या. आखूड केस बारीक रेघांत बसलेले, जीभ फिरवल्यावर बसतात तसे. त्या दोघांनी एकमेकांना चाटलं असेल, मान्य. पण तिसरं एकटं बंद होतं, मानेमागं स्वतःची जीभ पोचत नाही, आणि सुतळीची गाठ माझी होती, तशीच्या तशी. असं सलग सात दिवस झालं. कारण मला माहीत नाही. हे मी रजिस्टरमध्ये लिहिलं नाही.

आठव्या दिवशी नागपूरला फोन लावला.

"काकू, मांजर गेली. माझ्या हातून गेली." मी सगळं सांगितलं.

 मग त्यांनी विचारलं, "मग पिल्लांना आता चाटतं कोण?"

"मी पुसतो. ओल्या फडक्यानं."

"हळू पुसा, भाऊ," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

भोपाळमधले आम्ही निवृत्त फौजी वर्षातून एकदा जमतो. गेलेल्यांची नावं वाचतो, कुत्र्यांचीसुद्धा. बादल एका सर्चमध्ये माझ्यापुढं दहा पावलांवर स्फोटात गेला. त्याचं नाव आलं की मी सावधानमध्ये उभा राहतो. यादी संपते, सगळे चहाकडे वळतात. मी थोडा मागं थांबतो. मांजरीला नाव नव्हतं. काकू नुसतं 'अगं' म्हणून हाक मारायच्या. मीही तेवढंच म्हणतो, आणि मान वर होत नाही.