फळ्यावरचा हार

अकोटच्या बसस्टँडसमोर वाचनालयाच्या भिंतीवर एक काळा फळा आहे. निवृत्त मास्तर महादेवराव त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहितात: कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई कोणी जिंकली. मास्तर गणिताचे, त्यामुळे बावीस डिसेंबरला रामानुजन यांच्या जयंतीपुढे त्यांना दुसरं काही सुचतच नसे.

एका वर्षी त्याच तारखेला गावातल्या जिनिंग कारखान्यात कापसाला आग लागली होती. दुर्गाबाईच्या लेकानं, गोपालनं, दोन मजूर बायांना ओढून बाहेर काढलं, तिसरीसाठी आत गेला तो गेलाच. वर्षानं दुर्गाबाई फळ्यापाशी आली.

"गुरुजी, माह्या गोपालचंबी लिवा ना."

'अहो, हा इतिहास आहे,' असं मास्तरांच्या ओठांवर आलं होतं. "पुढच्या साली लिवतो," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. पुढच्या साली ती आली, तर फळा रामानुजननी भरलेला.

"लिवलं काय, गुरुजी?"

"लिवलं, माय."

तिला अक्षर येत नव्हतं. तिनं पदराआडून झेंडूचा हार काढला, फळ्याच्या खिळ्याला अडकवला आणि हात जोडले.

मग दरसाल तेच. लोक म्हणत, "बाईले गणिताचं भलतंच प्रेम दिसते!" मास्तर मान खाली घालत. खरं लिहायचं धाडस होईना. लिहिलं तर कोणीतरी तिच्यादेखत विचारणार, आजवर काहून नाही लिवलं? एका थापेपायी माणूस किती वर्षं भित्रा राहू शकतो, ते मास्तरांकडून शिकावं.

गेल्या साली तिला चालवेना. "आता येनं होते का नाही," म्हणाली. ते मास्तरांच्या उरात रुतून बसलं.

यंदा त्यांनी रामानुजनना रजा दिली. अख्ख्या फळ्यावर लिहिलं, 'आजच्या दिवशी गोपालनं जिनिंगच्या आगीतून दोघींना वाचवलं, तिसरीसाठी जीव दिला.' आज तिच्यापाशी सगळं कबूल करायचं, असं ठरवून ते उभे राहिले. शेजारच्या चहावाल्यानं वाचलं, डोक्यावरची टोपी काढली आणि काही विचारलं नाही.

दुर्गाबाई काठी टेकत आली. हार अडकवला, हात जोडले, नेहमीसारखेच.

"माय, एक सांगाचं होतं..." मास्तर म्हणाले.

तिनं वळून त्यांचा खडूनं माखलेला हात हातात घेतला. "गुरुजी, सारं गाव विसरलं. येक तुमीच दरसाल लिवता."

मास्तरांनी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.